गोडदेवच्या पालापाचोळ्याची चाळीस वर्षं

गोडदेव गावठाणात साठी ओलांडलेल्या कोणाशीही बोलत बसा. नारळाची झावळी कचऱ्यात टाकल्याचं त्यांना आठवत नाही. झावळी पडली की ओढत अंगणात आणायची. तिचे हीर काढून खराटा बांधायचा, पाती विणून झाप करायचे, पावसाची झड आत येऊ नये म्हणून मे महिन्यात पडवीला त्या झापांचा आडोसा लावायचा. पोय, करवंट्या आणि उरलंसुरलं सगळं चुलीत किंवा न्हाणीच्या चुलाणात जायचं. कचरा म्हणून बाहेर काढावं असं झाडाचं काही उरतच नसे.

पालापाचोळ्याला तर भातशेतीतच जागा होती. उन्हाळ्यात रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, फांद्या, पाला आणि वर मातीचा पातळ थर रचायचा आणि सावकाश धुमसत जळेल असा पेटवायचा. हा राब. त्यानं तणाचं बी मरायचं आणि राख रोपांना मिळायची. ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्याला हा पाला इतका मोलाचा होता की जंगलातून टहाळ तोडण्यावर इंग्रज सरकारनं बंधनं घातली तेव्हा मोठा असंतोष उसळला. १८८५ साली या दोन जिल्ह्यांतल्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई वन आयोग नेमावा लागला. ज्या पाल्यासाठी सरकारपुढे गाऱ्हाणी मांडली गेली, तोच पाला घेऊन जा म्हणून आज आपण महापालिकेच्या मागे लागतो.

हे पालटलं कधी? माझ्या मते, गॅसची शेगडी आणि बिल्डरची पाटी या दोन गोष्टी गावात जवळपास एकत्र शिरल्या तेव्हा. १२ जून १९८५ला भाईंदर, मिरा, काशी, नवघर आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती मिळून मिरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ला ती पाच लाखांवर गेली आणि २०११ला आठ लाखांवर. फाटक रोड आणि नवघर रोडच्या अंगाला भातखाचरं बुजून चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. शेत गेलं तसा राब गेला, चूल गेली तशी झावळीची गरज संपली.

झाडं मात्र आली. सोसायट्यांनी कंपाउंडच्या कडेनं हौसेनं नारळ, देशी बदाम, गुलमोहर, खोटा अशोक लावले. ही झाडं वाढायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, त्यामुळे त्यांचा कचरा किती होईल याचा हिशोब कोणीच मांडला नव्हता. देशी बदाम हिवाळ्यात ताटलीएवढी तांबडी पानं गाळतो आणि रोज सकाळी झाडूवाल्याची दोन-दोन पोती भरतात.

२८ फेब्रुवारी २००२ला महापालिका झाली. त्याआधीच देशात कचऱ्याचा कायदा बदलू लागला होता. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि तिच्यातून २००० सालचे घनकचरा नियम आले. घंटागाडी दारात येणं हे त्या लढ्याचं फळ आहे, हे आपण विसरतो. आपल्या शहराचा कचरा मात्र उत्तनच्या धावगी डोंगरावर जाऊन साठू लागला. तिथल्या आगी, तो धूर आणि उत्तनकरांची आंदोलनं शहरातल्या सगळ्यांनी वाचली आहेत. गोडदेवचा बदामाचा पाला ओल्या कचऱ्यात मिसळून तिथवर पोचतो, तेव्हा तो आपल्याच शहरातल्या कोळीवाड्यांच्या उशाशी जाऊन पडतो. मला ही गोष्ट टोचते.

८ एप्रिल २०१६चे घनकचरा व्यवस्थापन नियम या बाबतीत अगदी स्पष्ट होते. बागेचा कचरा घरमालकानं आपल्याच आवारात वेगळा साठवायचा आणि स्थानिक संस्था सांगेल तशी त्याची विल्हेवाट लावायची. तो जाळायचा नाही, पुरायचा नाही, रस्त्यावर टाकायचा नाही, आणि उपविधीत ठरेल ते शुल्कही भरायचं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला. म्हणजे जुना मार्ग बंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. माणसांच्या खिडक्यांखाली राब लावता येत नाही.

पण नवा मार्ग अर्धाच तयार झाला. नारळ उतरवणारा झाडावर चढतो, चार-पाच सुक्या झावळ्या छाटून खाली सोडतो. एकेक झावळी माणसाच्या दुप्पट लांब आणि देठाशी मनगटाहून जाड. घंटागाडीत ओल्याचा एक कप्पा, सुक्याचा एक. झावळी दोन्हींत मावत नाही, गाडीवरचा कामगार मान हलवतो, आणि त्याचं काही चुकत नाही. मग ती भिंतीला टेकून राहते. सोसायटी टेम्पोवाल्याला पैसे मोजते, आणि तो टेम्पो कुठल्या खाडीकाठी रिकामा होतो हे कोणी विचारत नाही. मे २०२१मध्ये तौक्ते वादळानं झाडं आडवी केली, तेव्हा घरोघरची ही अडचण एकदम रस्त्यावर आली.

शुल्काचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच आरडाओरडा होतो. मुंबई महापालिकेनं २०२५मध्ये घराच्या क्षेत्रफळानुसार महिना शंभर, पाचशे आणि हजार रुपयांचा मसुदा मांडला तेव्हाही झाला. मला क्षेत्रफळावरचं शुल्क पटत नाही, कारण त्यात पाला जिरवणारा आणि रस्त्यावर लोटणारा सारखाच भरडला जातो. पुण्यात २००८पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक घरोघरी जातात आणि घरामागे शुल्क थेट घेतात. तिथे पैसा कोणाच्या हाती पडतो ते दिसतं. इंग्लंडमध्ये बऱ्याच नगरपरिषदा बागेच्या कचऱ्याची वेगळी पेटी ऐच्छिक ठेवतात. ज्याला हवी तो वर्षाचं शुल्क भरतो, बाकीचे घरच्या घरी खत करतात. गोडदेवसारख्या वस्तीला हाच न्याय लागू व्हावा.

कारण पाला जिरवणं खरोखर अवघड नाही. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी गच्चीवर पालापाचोळ्यातून माती घडवता येते हे महाराष्ट्राला दाखवून दिलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवरही त्याच वाटेनं बाग फुलली. कंपाउंडच्या कोपऱ्यात जाळीचा पिंजरा, त्यात पाल्याचा थर, त्यावर थोडं शेण किंवा आंबट ताकाचं पाणी, ओल टिकेल इतकं शिंपण आणि पंधरवड्याला एकदा उलटणं. बदामाची पानं हातानं चुरून टाकली तर लवकर कुजतात. आतला पाला खचत जातो, म्हणून पिंजरा कधी भरून वाहत नाही. पाच-सहा महिन्यांत खत तयार होतं.

झावळ्या आणि फांद्यांना मात्र भुगा करणारं यंत्र लागतं, आणि ते प्रत्येक सोसायटीनं घ्यावं असं म्हणणं अन्यायाचं आहे. ते महापालिकेचं काम. प्रभागवार एक यंत्र, महिन्यातला ठरलेला एक दिवस आणि फाटकावर लावलेला दर. वजनावर पैसे घ्या, पावती द्या, भुगा पुन्हा उद्यानांत टाका. येत्या सर्वसाधारण सभेत आपल्या सोसायटीनं दोन ठराव करावेत: पाला आवाराबाहेर जाणार नाही हा एक, आणि फांद्यांसाठी ठरलेला दिवस व दर महापालिकेनं जाहीर करावा हे मागणारा दुसरा. पावसाळ्याआधीच्या छाटणीपूर्वी त्यांच्या प्रती प्रभाग कार्यालयात पोचवा आणि पोच घ्यायला विसरू नका.