चाकांचा ऑर्गन, हिशेबाचा ऑर्गन

हॅमंड ऑर्गनला भाता नाही आणि पेटीसारखे पितळी सूरही नाहीत. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली अमेरिकेत विक्रीला आणलेल्या या वाद्यात स्वर निघतो फिरत्या चाकांतून. पुढे सर्वाधिक गाजलेल्या बी-३ या मॉडेलमध्ये अशी ९१ चाके एकाच मोटरवर फिरतात. चाकाच्या कडेचे उंचवटे चुंबकासमोरून सरकले की त्यावरच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उमटते. सेकंदाला जितके उंचवटे, तितकी त्या स्वराची कंपने. बाक आणि पायपट्ट्या धरून हे धूड १९० किलोंच्या घरात जाते. १९७०च्या दशकात त्याचे उत्पादन थांबले, पण वादकांना आवाज तोच हवा होता. तो एकट्याने उचलता येईल अशा वाद्यात आणणाऱ्यांपैकी ठळक नाव म्हणजे स्टॉकहोमच्या क्लाविया कंपनीचा २००१चा नॉर्ड इलेक्ट्रो.

असा ऑर्गन नुसता ध्वनिमुद्रित करून भागत नाही. वादकासमोर नऊ सरकत्या दांड्या असतात. त्यांना ड्रॉबार म्हणतात. प्रत्येक दांडी एक उपस्वर शून्य ते आठ अशा पायऱ्यांनी मिसळते. म्हणजे एकाच संचाच्या ३८ कोटी ७४ लाखांहून अधिक रचना झाल्या! त्यामुळे वाद्यातली चिप सगळी चाके हिशेबात अखंड फिरती ठेवते आणि पट्टी दाबताच त्यांतली हवी ती ऐकू येतात.

इथे खरी कसोटी दोषांची आहे. तंबोऱ्याच्या खर्जात ऐकू येणारा स्वयंभू गंधार हॅमंडमध्ये नसतो. त्याच्या जागी समान अंतरांच्या सप्तकातला, किंचित चढा गंधार उसना घेतलेला असतो. गणिताने तो शुद्ध करणे अगदी सोपे आहे, पण तसे केले की हॅमंडची ओळखच पुसते. पट्टीखालचे नऊ संपर्कही एकाच क्षणी जुळत नाहीत, म्हणून स्वराच्या तोंडाशी बारीक ‘टक्’ होते. हॅमंड यांना हा दोष वाटे. जॅझ वादकांनी त्यालाच ठेक्याची धार मानले. चांगल्या डिजिटल वाद्यात हे नऊ संपर्कही वेगवेगळे मोजलेले असतात.

याच्या जोडीला डॉन लेस्ली यांचा फिरता स्पीकर लागतो. त्यात वर कर्णा आणि खाली मोठा ढोल फिरतो. वेग बदलला की हलका कर्णा लगेच पळतो, जड ढोल मागाहून वेग घेतो. नक्कल फसते ती बहुधा या काही सेकंदांत.

इलेक्ट्रिक पियानोची गोष्ट वेगळी. ऱ्होड्समध्ये हातोडी पोलादी काडीवर पडते, वुर्लिट्झरमध्ये पोलादी पट्टीवर. पेटीचा कारागीर सूर चढवायला पट्टीचे टोक खरवडतो. वुर्लिट्झरच्या टोकाला शिशाच्या डाखाचा थेंब असतो आणि तोच घासून स्वर चढवतात. या वाद्यांत ड्रॉबार नसतात, त्यामुळे प्रत्येक स्वर हलक्या, मध्यम, जोरकस अशा आघातांनी मुद्रित करता येतो. मात्र आघातांच्या पायऱ्या कमी असल्या तर हळूहळू जोर वाढवताना आवाज मध्येच उडी मारतो. म्हणून काही वाद्यांत काडी, हातोडी आणि चुंबक यांचेही गणित मांडलेले असते. मग जोराने वाजवल्यावर ऱ्होड्स जशी गुरगुरते, ती गुरगुर मुद्रणाच्या पायऱ्यांवर अवलंबून न राहता बोटाच्या जोराबरोबर चढत जाते.