बियाण्याची वाटचाल – लेखांक पाचवा : बांधापलीकडची शेती

पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूत बियाण्यापासून प्रमाणित बियाणे कसे तयार होते, हा पिढ्यांचा क्रम मागील लेखांकात पाहिला. या क्रमातील शेवटची आणि विस्ताराने सर्वांत मोठी पायरी बीजोत्पादक शेतकऱ्याच्या शेतात पूर्ण होते. धान्य पिकवणारा शेतकरी पेरणीपासून मळणीपर्यंतचे बहुतेक निर्णय एकट्याने घेऊ शकतो. बियाणे पिकवणाऱ्याला ती मुभा नसते, कारण त्याच्या मालाची शुद्धता शेजारच्या शेतात काय फुलले आहे यावरही ठरते. बीजोत्पादकांच्या संघटनेची गरज त्यामुळे मुळात शेतीच्या तंत्रातूनच निर्माण होते.

संकरित ज्वारी, बाजरी किंवा मका यांच्या प्रमाणित बीजोत्पादनासाठी त्याच पिकाच्या अन्य वाणांपासून साधारणपणे २०० मीटरचे विलगीकरण अंतर राखावे लागते. विलगीकरण अंतर म्हणजे परक्या परागकणांचा संसर्ग टाळण्यासाठी दोन शेतांमध्ये मोकळी किंवा अन्य पिकाखाली ठेवायची जागा. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. एवढे शेत चौरस आहे असे मानले, तर त्याची बाजू सुमारे ११६ मीटर येते आणि त्याच्या सभोवती २०० मीटरचा पट्टा आखल्यास त्यात जवळजवळ २२ हेक्टर जमीन, म्हणजे सरासरी आकाराची सोळा शेते येतात. इतक्या शेजाऱ्यांनी त्या हंगामात ते पीक न घेण्याचे किंवा तोच बीजोत्पादन कार्यक्रम स्वीकारण्याचे मान्य केल्याखेरीज एका लहान शेतकऱ्याचे बियाणे क्षेत्रीय तपासणीत टिकणे कठीण असते. सलग क्षेत्रात एकाच वाणाचे बीजोत्पादन घेण्याची बीजग्रामाची पद्धत या अडचणीवरचा थेट उपाय आहे, कारण तीत प्रत्येक शेत दुसऱ्याच्या संरक्षक पट्ट्याचे काम करते आणि भेसळीची झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटण्याचे कामही एकाच वेळी उरकते.

सोयाबीन हे स्वपरागसिंचित, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी फळणारे पीक असल्याने त्याला केवळ ३ मीटर अंतर पुरते. तिथे सामूहिक प्रयत्नांची निकड काढणीनंतर जाणवते. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते, त्यामुळे काढणीच्या वेळचा पाऊस, मळणीयंत्राचा अधिक वेग, पोत्यांची आदळआपट आणि साठवणुकीतील ओलावा यांपैकी प्रत्येक गोष्ट उगवणक्षमता घटवते. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण आणि जास्तीत जास्त १२ टक्के ओलावा ही मर्यादा आहे. २०१९ मध्ये काढणीच्या काळात अवकाळी पावसाने पीक भिजले आणि २०२० च्या खरिपात राज्याच्या अनेक भागांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा एका हंगामातील हानी पुढच्या हंगामातील पेरणीपर्यंत कशी पोहोचते हे सर्वांना दिसले. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण मोजणे हे घरच्या घरी होण्याजोगे काम आहे. परंतु वाळवणीची जागा, प्रतवारीचे यंत्र आणि हवेशीर गोदाम यांचा खर्च एकट्या लहान शेतकऱ्याला पेलत नाही, गटाला मात्र तो वाटून घेता येतो.

या गरजांना महाराष्ट्रात दोन प्रकारचे संस्थात्मक रूप मिळाले आहे. १९७६ मध्ये अकोल्यात स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळात, म्हणजे महाबीजमध्ये, राज्य शासन आणि राष्ट्रीय बियाणे निगम यांच्याबरोबर बीजोत्पादक शेतकरीही भागधारक आहेत. दुसरे रूप शेतकरी उत्पादक कंपनीचे आहे. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन २००३ पासून ते उपलब्ध झाले. त्यात दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र येऊन कंपनी नोंदवू शकतात आणि वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत भाग कितीही असले तरी प्रत्येकाला एकच मत असते. सहकारी संस्थेतील लोकशाही आणि कंपनीची व्यवहारातील मोकळीक यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

संघटनेची खरी कसोटी पैशाच्या व्यवहारात लागते. ऑक्टोबरमध्ये तयार झालेले सोयाबीनचे बियाणे जूनमध्ये विकले जाते, म्हणजे सात-आठ महिने भांडवल अडकून राहते, आणि मधल्या काळात बाजार समितीतील भाव चढला तर गरजू सभासद बियाण्यासाठी राखलेला माल धान्य म्हणून विकून टाकतो. त्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. माल जमा होताच बऱ्यापैकी आगाऊ रक्कम मिळावी, अंतिम दर बाजारभावाशी जोडलेला असावा आणि लॉट नापास झाल्यास त्याचे कारण सभासदाला लेखी कळावे, एवढी व्यवस्था असेल तरच वचन पाळणे त्याला परवडते. खाजगी कंपनीशी करार करताना याच अटी एकट्याने मागणारा शेतकरी सहज डावलला जातो, कारण संकरित वाणाचे जनक बियाणे, म्हणजे संकरासाठी लागणाऱ्या नर-मादी वाणांचे बियाणे, कंपनीच्या ताब्यात असते; सलग क्षेत्र देऊ शकणाऱ्या गटाचे म्हणणे मात्र ऐकून घ्यावे लागते.

विक्रीच्या बियाण्याप्रमाणे घरी राखलेल्या बियाण्यालाही एकत्र येण्याची गरज असते. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, वापरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बियाणे मात्र त्याला ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. हा हक्क वापरात यायचा तर वाण जिवंत राहावे लागतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साहाय्याने उभे केलेले देशी वाणांच्या जतनाचे काम या दृष्टीने मोलाचे आहे, कारण वाण एकाच घरात राहिला तर एका दुष्काळात नाहीसा होऊ शकतो, अनेक घरांत पेरला जात असेल तर टिकतो.

या सर्व उदाहरणांवरून असे दिसते की यंत्रे, गोदाम आणि नोंदणी यांचे महत्त्व मोठे असले तरी बीजोत्पादकांच्या संघटनेचा पाया पेरणीपूर्वी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होणारा करार हाच आहे. तो पाळणे सर्वांना परवडेल अशी आर्थिक रचना उभारण्यातच शासन, विद्यापीठे आणि शेतकरी कंपन्या यांची पुढील जबाबदारी आहे. क्षेत्रीय तपासणीपासून प्रयोगशाळेतील चाचणीपर्यंत बियाण्याची पारख कशी होते, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.