कारखान्याच्या धुरापासून इंधन : चार लाख देण्याआधी हा हिशेब बघा

मागच्या आठवड्यात आपल्या बॅचमधला एक मुलगा दुकानात आला. हातात चकचकीत माहितीपत्रक. “सर, कारखान्याच्या धुरापासून इंधन! कच्चा माल फुकट. डीलरशिप फक्त चार लाख.” पैसे कुठले? आईची ठेव मोडून. मी गिऱ्हाईक पोराकडे सोपवलं आणि बिलबुकाच्या मागे हिशेब मांडला.

आधीच सांगतो, तंत्रज्ञान खोटं नाही. आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगीला भूऔष्णिक वीजकेंद्रातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवणारा कारखाना २०१२ मध्ये उभा राहिला, क्षमता वर्षाला ४,००० टन. आपल्याकडे मध्य प्रदेशात एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रातही रोज १० टनांचा प्रकल्प आहे.

मग अडतंय कुठे? बघा, कार्बन डायऑक्साइड म्हणजे चुलीतली राख. लाकूड जळलं, उष्णता मिळाली, राख उरली. राखेचं परत लाकूड करायचं तर गेलेली उष्णता परत घालावी लागणार. इथे ती हायड्रोजनच्या रूपात घालतात. एक टन मिथेनॉलला साधारण १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिट तरी वीज जाते. म्हणजे टनामागे ९,५०० युनिट. युनिटला ७ रुपये धरा, झाले ६६,५०० रुपये. नुसत्या हायड्रोजनच्या विजेचे! यंत्र, पगार, व्याज अजून धरलेलंच नाही. नैसर्गिक वायूपासून बनलेलं मिथेनॉल बाजारात साधारण याच्या निम्म्या भावात मिळतं.

आणि तो ‘फुकट’ मालही फुकट नसतो बरं का. कोळशाच्या चिमणीच्या धुरात कार्बन डायऑक्साइड दहा-पंधरा टक्केच, बाकी बहुतेक नायट्रोजन. आधी रसायनात शोषून घ्यायचा, मग ते रसायन तापवून मोकळा करायचा. त्यालाही वाफ लागते.

जिथे गाडी पुढे गेली, तिथे शेजार चांगला होता. चीनमध्ये आनयांगला चुनाभट्टीचा कार्बन डायऑक्साइड आणि कोकभट्टीच्या वायूतला हायड्रोजन, दोन्ही टाकाऊ माल जवळच मिळाले. २०२२ पासून तिथे वर्षाला १,१०,००० टन क्षमतेचा कारखाना चालू आहे. शौगांगच्या पोलाद कारखान्यात २०१८ पासून जिवाणूंकडून इथेनॉल बनवून घेतात, पण तिथल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो राख नाही, अर्धवट जळालेला कोळसा आहे. त्यात जीव शिल्लक असतो.

मुलाने माझ्यासमोरच एजंटला फोन लावला. “हायड्रोजन कुठून येणार?” “ते कंपनी बघेल.” “एका टनाला वीज किती?” “मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू.” नंतर फोन काही आला नाही.

मुलगा हिरमुसला. मी म्हटलं, अरे, नुसता कार्बन डायऑक्साइडही विकला जातो की! साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवताना तो जवळजवळ शुद्धच निघतो. कोल्ड्रिंकवाले घेतात, ड्राय आइसवाले घेतात, आणि ड्राय आइस मासळी, आइस्क्रीम, औषधं पाठवायला लागतो. त्यात हायड्रोजनचा प्रश्नच येत नाही. प्लांट टाकणं आपल्या आवाक्यात नाही, पण तयार ड्राय आइस उचलून पोचवता येईल. माल रोज उडून कमी होतो, त्यामुळे आधी गिऱ्हाईक बांधायचं, मग माल उचलायचा.

ठेव बँकेतच आहे. रविवारी आम्ही दोघं शहरातल्या आइस्क्रीमवाल्यांना विचारायला निघणार आहोत, दिवसाला किती किलो लागतो ते.