पोटुशीची घेरी



आपल्याकडच्या जुन्या नाटकांत आणि बोलपटांत एक प्रसंग ठरलेला असे. घरातली सून काम करता करता कपाळाला हात लावते, तिला घेरी येते, वैद्य नाडी पाहतात आणि गालांत हसून सांगतात, 'पेढे वाटा!' ही पहिली घेरी सर्वांच्या कौतुकाची. परंतु त्याच सुनेला पाचव्या महिन्यात पाण्याच्या हंड्यापाशी घेरी आली, किंवा आठव्या महिन्यात उताणे निजली असता डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घर काय म्हणते? 'अशा दिवसांत व्हायचेच' असे म्हणते आणि आपापल्या कामाला लागते. हे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. पण ते तपासून पाहिल्यावाचून म्हणू नये, एवढीच आज माझी आपणांस विनंती आहे.

प्रथम ही घेरी येते कशी ते पाहू. शेताला पाणी देणाऱ्यांना ठाऊक आहे की, पाट रुंद केला आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच सोडले, तर पाण्याची पातळी उतरते. गर्भ राहिल्यावर स्त्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे द्रव्य वाढते. त्याच्या योगे रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणजे पाट रुंद होतो आणि रक्तदाब उतरतो. पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो आणि पुढे हळूहळू पूर्ववत होतो. अशा वेळी बसलेली बाई एकदम उठली, किंवा रांगेत फार वेळ उभी राहिली, तर रक्त पायांकडे साचते, मेंदूला क्षणभर कमी पडते आणि घेरी येते.

शेवटच्या महिन्यांत आणखी एक कारण मिळते. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी नीला पाठीच्या कण्यालगत, किंचित उजवीकडे असते. बाई उताणी निजली की वाढलेल्या गर्भाशयाचा भार त्या नीलेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते. म्हणून त्या दिवसांत कुशीवर, शक्य तर डाव्या कुशीवर निजावे. घेरी वाटू लागताच नुसती कूस बदलल्याने पुष्कळांना बरे वाटते.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. बुलढाणा शहर घाटावर असल्यामुळे तेथे ऊन थोडे सुसह्य असते, परंतु खामगाव-मलकापूरकडच्या सपाटीवर वैशाखाचे ऊन कसे भाजते ते मी सांगावयास नको. उन्हाने रक्तवाहिन्या आणखी रुंदावतात, घामाने पाणी जाते आणि घेरीला निमित्त मिळते. कापसाच्या वेचणीत तासन् तास वाकून एकदम ताठ होणाऱ्या बाईचे, किंवा एसटीच्या गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्या बाईचेही तेच. अशा बाईने उन्हाची कामे सकाळी उरकावीत, पाणी, ताक, लिंबाचे सरबत थोडे थोडे घेत राहावे आणि अंथरुणावरून उठताना आधी घटकाभर बसून मग उभे राहावे. गाडीत तिला जागा देणे हे तर आपणा सर्वांच्या हातचे आहे.

पोट रिकामे असणे हेही एक कारण होय. पुष्कळ घरांत अजून सून सर्वांत शेवटी जेवते. सर्वांची पाने उठेपर्यंत दुपारचे दोन वाजतात आणि कढईत भाजीचा रस तेवढा उरतो. त्यात चतुर्थी-एकादशीच्या उपासांची भर पडते. दोन जिवांच्या बाईने दर दोन-तीन तासांनी थोडे खावे: भाकरीचा तुकडा, मूठभर शेंगदाणे, एखादे फळ. तिचे ताट आधी वाढले म्हणून घराण्याची रीत मोडत नाही.

येथवर सांगितलेली घेरी बहुधा निरुपद्रवी. आता जिला तपासावयास हवे अशा घेरीकडे वळू. तिचे आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणात रक्ताचे एकंदर प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्के वाढते, पण त्यातल्या लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात. आधीच रक्त कमी असेल तर ते आणखी पातळ होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गर्भवती स्त्रियांपैकी सुमारे ५२ टक्के आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ४६ टक्के रक्तक्षयी आढळल्या.

ह्या रोगाच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच राज्यात लिहिला गेला आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना एक विशेष प्रकारचा रक्तक्षय का होतो, हे त्यांना शोधावयाचे होते. त्यांनी त्या स्त्रियांच्या आहाराची पाहणी केली. यीस्टचा अर्क दिल्यावर रोगी स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. १९४१ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून ते वेगळे काढले. पानावरूनच त्याला हे नाव मिळाले. आज सरकारी दवाखान्यात गर्भवतीला लोहाबरोबर हेच आम्ल मिळते: चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस.

गोळीने शौचाला काळे होते, कधी पोट जड होते, म्हणून पुष्कळ बाया ती फडताळात ठेवून देतात. काळे होण्यात भिण्याजोगे काही नाही. गोळी लिंबाच्या किंवा आवळ्याच्या आंबटासह घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. मेथी, पालक, चवळीची पाने, तूर, हरभरा आहारात असावीत; पालेभाजी फार वेळ शिजवू नये. पण रक्त एकदा कमी झाले की नुसत्या भाजीने ते भरून येत नाही, गोळी घ्यावीच लागते. आणि रक्त किती आहे हे डोळ्यांच्या पापणीवरून नेमके कळत नाही, तपासावे लागते. १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असले तर रक्तक्षय. ७ ग्रॅमपेक्षा कमी असले तर ते तीव्र संकट समजावे.

बाई बेशुद्ध पडलीच, तर नाकाशी कांदा किंवा जोडा धरू नका आणि तोंडात पाणी ओतू नका; ते श्वासनळीत जाईल. तिला डाव्या कुशीवर निजवा, कपडे सैल करा, पाय थोडे उंच करा, भोवतीची गर्दी हटवा. बहुधा एक-दोन मिनिटांत ती सावध होते. तरीही लगेच उठवू नका.

परंतु काही वेळा वाट पाहणे हाच अपराध ठरतो. अंगावरून रक्त जात असेल. डोके फार दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील. तोंडा-हातांवर सूज असेल. छातीत धडधड किंवा दम लागत असेल. झटके येत असतील. बाळाची हालचाल मंदावली असेल, किंवा बाई लवकर सावध होत नसेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. पाळी चुकल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोटात तीव्र कळ येऊन घेरी आली, तर गर्भ गर्भाशयाबाहेर नळीत रुजून आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. वरून रक्त दिसेलच असे नाही. म्हणजे नाटकातल्या त्या पहिल्या घेरीलासुद्धा डॉक्टर हवाच!

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या सुनेला, लेकीला किंवा पत्नीला तीनच गोष्टी विचारा: घेरी कधी येते, आज पोटात काय गेले, आणि रक्त शेवटचे केव्हा तपासले? उत्तरे समाधानकारक नसतील, तर उद्या सकाळी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. पेढे वाटावयाचेच आहेत. ते आई आणि बाळ दोघेही सुखरूप घरी आल्यावर वाटू.