गाठीला रक्त कुठून?

थुंकीत रक्त दिसलं की बीडकडच्या नेकनूरच्या घरात पहिला शब्द निघतो तो टीबीचा. बऱ्याचदा तो खराही असतो. जिथे तो चुकतो, तिथे गोळ्यांत महिने जातात आणि छातीतली गाठ वाढत राहते. मग अंबाजोगाई, बार्शी, संभाजीनगर, मुंबई अशी वाट सुरू होते.

या वाटेवर होणारा साधा सीटी स्कॅन गाठ कुठे आणि केवढी ते सांगतो. परफ्युजन सीटी विचारतो, तिला रक्त कोण पुरवतं?

फुप्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं, एकाच रानाला पाटाचं आणि विहिरीचं पाणी असावं तसं. हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुस धमनीतून जवळपास सगळं रक्त प्राणवायू घ्यायला येतं. महाधमनीतून निघणाऱ्या बारीक ब्रॉंकियल धमन्यांच्या वाट्याला शंभरातला जेमतेम एक भाग. कॅन्सरची गाठ बहुधा या दुसऱ्या वाटेवर पोसते. नव्या रक्तवाहिन्या फुटल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपुढे वाढत नाही, हे ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं.

परफ्युजन सीटीची सारी करामत वेळेची. हाताच्या शिरेत आयोडीनचं औषध सेकंदाला चार-पाच मिलीच्या वेगाने जातं आणि मशीन त्याच भागाचे फोटो पुन्हा पुन्हा काढतं. औषध आधी फुप्फुस धमनीत उजळतं, काही सेकंदांनी महाधमनीत. गाठ कुणामागोमाग उजळली, किती झपाट्याने, यावरून दोन्ही वाटांचा हिस्सा काढतात. सीटीवरून रक्तप्रवाह मोजण्याचं गणित लिऑन अ‍ॅक्सेल यांनी १९८० मध्ये दिलं.

याचा उपयोग काय? जिथे रक्त कमी, तिथे केमो नीट पोचत नाही. प्राणवायूही कमी, म्हणून शेक, म्हणजे रेडिएशन, कमी लागू पडतो. बेव्हासिझुमॅबसारखं रक्तवाहिन्यांवरचं औषध चालू केल्यावर साध्या सीटीत गाठ तेवढीच दिसते, पण तिचा रक्तप्रवाह आधीच घटलेला असू शकतो; ते परफ्युजन सीटी दाखवतो.

तरी मला यात हुरळण्यासारखं वाटत नाही. धाप लागलेल्या माणसाला अर्धा मिनिट श्वास धरायला सांगणं म्हणजे जुलूमच; श्वास हलला की गाठही हलते. क्ष-किरणांचा मारा जास्त, आणि सॉफ्टवेअर बदललं की आकडा बदलतो. त्यात टीबीनेही ब्रॉंकियल धमन्या फुगतात, मग टीबी की कॅन्सर हा गोंधळ राहतोच. म्हणून ही तपासणी अजून बरीचशी संशोधनातच आहे. कॅन्सर आहे की नाही ते बायोप्सी सांगते, कुठवर पसरला ते पाहायला पेट सीटी.

साधा असो की परफ्युजन, औषध टोचून सीटी करायचा तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन पाहतात. ते नेकनूर-बीडकडेच करून रिपोर्ट सोबत न्यावा. साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किडनीचा त्रास असेल किंवा पूर्वी अशा औषधाची अ‍ॅलर्जी आली असेल, तर तेही टेबलावर झोपण्याआधी सांगावं.