पेन ड्राइव्ह लावलेला नाही, मग हा ड्राइव्ह कुणाचा?

संगणकाला एकही पेन ड्राइव्ह लावलेला नाही, तरी ‘धिस पीसी’ उघडलं की सी आणि डीच्या शेजारी ‘रिमूव्हेबल डिस्क’ दिसते. क्लिक केलं की ‘डिस्क घाला’ असा निरोप येतो. बहुतेकांना आधी व्हायरसची शंका येते. काही जण तर थेट फॉरमॅटचा पर्याय शोधू लागतात. एवढी घाई करू नका. आधी या ड्राइव्हचा मालक शोधा.

बहुतेक वेळा तो निघतो कार्ड रीडर. कॅमेऱ्याचं किंवा मोबाइलचं मेमरी कार्ड घालायची खाच लॅपटॉपच्या कडेला असते, तशीच ती काही मॉनिटरना आणि फोटो छापणाऱ्या प्रिंटरनाही असते. विंडोज इथे अक्षर देतं ते कार्डाला नव्हे, खाचेला. दारावर पाटी आहे, पण घरात कुणी राहत नाही, असा हा प्रकार. चार खाचांच्या रीडरमुळे ई, एफ, जी, एच अशी चार रिकामी अक्षरंही दिसू शकतात.

रिकामे ड्राइव्ह लपवण्याची सोय विंडोज ७ पासून आहे आणि ती मुळात चालूच असते. कुणी ती बंद केली असेल, तर फोल्डर ऑप्शन्समधल्या ‘व्ह्यू’ टॅबवर ‘हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज’समोर पुन्हा खूण करा. मला हाच उपाय सर्वांत चांगला वाटतो, कारण कार्ड घातलं की ड्राइव्ह आपोआप दिसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षरच काढून टाकायचा सल्लाही अनेकजण देतात. पण मग सहा महिन्यांनी लग्नाच्या फोटोंचं कार्ड त्या खाचेत घातलं तरी काहीच दिसत नाही आणि चांगलं कार्ड खराब झाल्यासारखं वाटतं.

मालक सापडत नसेल, तर ड्राइव्हवर उजवं क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘हार्डवेअर’ टॅब पाहा. तिथे जोडलेल्या डिस्कची नावं असतात. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे यूएसबीला लावलेल्या वस्तू एकेक करून काढायच्या आणि दरवेळी एफ ५ दाबायचं. प्रिंटरची वायर काढताच ड्राइव्ह गेला, तर उत्तर मिळालं. आयएसओ फाइलवर डबल क्लिक केल्यावरही एक ड्राइव्ह तयार होतो. तो दिसायला डीव्हीडीसारखा असतो आणि ‘इजेक्ट’ केलं की जातो.

ही तपासणी टाळू नये, याला एक गंभीर कारण आहे. रिकामी खाच असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘नो मीडिया’ असं लिहून येतं. बिघडलेला पेन ड्राइव्ह लावला असेल, तरी पुष्कळदा हेच दोन शब्द येतात. पेन ड्राइव्हमध्ये दोन मुख्य भाग असतात: माहिती साठवणारी चिप आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर. कंट्रोलर चालू आहे, पण त्याला साठवणुकीची चिप सापडत नाही, अशा वेळी विंडोजला ड्राइव्ह दिसतो आणि त्यात काहीच नाही असं कळतं. म्हणजे निरुपद्रवी रिकामेपणा आणि खरा बिघाड यांना संगणक एकाच शब्दांत सांगतो. फरक आपल्यालाच करावा लागतो. पेन ड्राइव्ह काढल्यावर ते अक्षर नाहीसं होत असेल आणि दुसऱ्या संगणकावरही ‘नो मीडिया’च येत असेल, तर दोष पेन ड्राइव्हचा आहे.

अशा पेन ड्राइव्हला फॉरमॅट करता येत नाही आणि नेहमीची फाइल परत मिळवणारी सॉफ्टवेअरंही तिथे चालत नाहीत, कारण वाचायला चिपच हाती लागत नाही. त्यात तुमच्या प्रबंधाची किंवा हिशेबाची एकमेव प्रत असेल, तर तो पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या, आणि काम सुरू करण्याआधी खर्चाचा अंदाज लिहून घ्या.