उरलेली की जिंकलेली?

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी उघड्या छत्र्या ओळीने मांडलेल्या दिसतात. छत्र्यांवर कागद लावलेले असतात : जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचे घर आहे की नाही. आईवडील आपल्या मुलामुलींसाठी स्थळे शोधायला येतात. ज्या मुलीचे लग्न जमवायचे, ती मात्र सहसा तिथे नसते. तिची ओळख तिच्या गैरहजेरीत चार रकान्यांत सांगितली जाते.

अशा मुलीला चिनी भाषेत एक नावही आहे : ‘शंग न्यू’, म्हणजे उरलेली स्त्री. यातले ‘शंग’ हे अक्षर उरल्यासुरल्या अन्नासाठीही वापरतात. आपल्या ‘घोडनवरी’ची ही चुलत बहीणच, पण तिला राजमान्यता मिळाली. २००७ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने हा शब्द नव्या शब्दांच्या यादीत घेतला. अखिल चीन महिला महासंघानेही तो वापरला. शिकलेली, शहरात कमावणारी, सत्ताविशी ओलांडलेली अविवाहित स्त्री ‘उरलेली’ ठरली.

यावर स्त्रियांनी भाषेतूनच उत्तर शोधले. ‘उरणे’ आणि ‘जिंकणे’ यांची चिनी अक्षरे वेगळी, उच्चार मात्र हुबेहूब एकच. अक्षर बदलले की ‘उरलेली’ची ‘जिंकलेली’ होते. कोटी झकास आहे, तरी अपुरी; कारण जिंकली म्हटले तरी शर्यत लग्नाचीच राहते.

ओळख खरी बदलते ती स्वतःची हकीकत सांगताना. ‘हिचे लग्न का झाले नाही?’ या प्रश्नात स्त्री कर्ता नसतेच. ‘मी शिकले, मी शहरात आले, मी नकार दिला’ असे ती म्हणते, तेव्हा वाक्याचा कर्ता बदलतो.

२०१८ साली बीजिंगमधली एक तिशीची अविवाहित स्त्री स्त्रीबीजे गोठवून ठेवण्यासाठी रुग्णालयात गेली. नियमाने ही सोय तिला नव्हती. उलट, लग्न करून लवकर मूल होऊ द्या, असा सल्ला मिळाला. श्यू झाओझाओ हे टोपणनाव घेऊन तिने खटला भरला. २०२२ मध्ये ती हरली आणि २०२४ मध्ये अपिलातही हरली. या सगळ्या काळात ती पत्रकारांना आपली कहाणी सांगत राहिली. रुग्णालयाच्या लेखी ती ‘अविवाहित’ होती. स्वतःच्या कहाणीत ती आपल्या शरीराबद्दल निर्णय घेऊ पाहणारी स्त्री होती.

छत्रीवरच्या कागदात माहिती खरी असते, पण बोलणारे दुसरेच असतात. इथे नाव घेतलेले होते. आवाज मात्र तिचा स्वतःचा होता.